लागत नाही ती लायब्ररी जोडू नका

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या आणि त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात एक मत आता सर्वमान्य असल्यासारखं मांडलं जातं. डिस्क स्वस्त आहे, मेमरी मुबलक आहे, पॅकेज मॅनेजर हुशार आहे. तेव्हा एका प्रोग्रॅमबरोबर वीस लायब्रऱ्या आल्या काय नि चाळीस आल्या काय, फरक पडत नाही. ज्याला पडतो तो जुन्या काळात अडकलेला, चार मेगाबाइट वाचवण्यासाठी रात्र घालवणारा हौशी माणूस. हे मत चुकीचं आहे आणि धोक्याचंही आहे. त्याच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात, त्यांचा एकेक करून प्रतिवाद करायला हवा.

डिस्कचा मुद्दा आधी घेऊ. शेअर्ड लायब्ररी म्हणजे डिस्कवर पडून राहिलेली एक फाइल, अशी समजूत या मुद्द्याच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. प्रोग्रॅम सुरू करताच डायनॅमिक लोडर त्याच्या फाइलमधल्या ‘नीडेड’ नोंदी वाचतो. प्रत्येक नोंदीतली लायब्ररी मेमरीत आणतो, मग त्या लायब्ररीला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणतो, मग त्यांना लागणाऱ्या. हे सगळं एकाच प्रोसेसमध्ये येऊन बसतं आणि तिथे कुणाच्या मध्ये भिंत नसते. प्रोग्रॅम रूट म्हणून चालत असेल, तर साखळीतली शेवटची लायब्ररीही रूट म्हणूनच चालते. तिचं एखादं फंक्शन तुम्ही बोलावलं पाहिजे असंही नाही. लायब्ररीची सुरुवातीची फंक्शनं लोडर स्वतःच चालवतो, तीही प्रोग्रॅमचं मेन सुरू होण्याआधी. लायब्ररी जोडली की तिचा कोड चालला. तिने किती मेगाबाइट अडवले, हा या सगळ्यातला सर्वांत बिनमहत्त्वाचा आकडा आहे.

मार्च २०२४ मध्ये याचा पुरावा साऱ्या जगाने पाहिला. एक्सझेड हा फाइली दाबून लहान करणारा एक जुना, सर्वत्र वापरला जाणारा प्रकल्प आणि लिबएलझेडएमए ही त्याची लायब्ररी. लासे कॉलिन हे फिनिश प्रोग्रॅमर कित्येक वर्षं तो जवळजवळ एकट्याने, मोबदल्याशिवाय सांभाळत होते. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं, पॅच पाठवत राहिलं, विश्वास कमावला आणि पुढे नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळवला. २४ फेब्रुवारी २०२४ ला आलेल्या ५.६.० आणि ९ मार्चला आलेल्या ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये या नावामागच्या व्यक्तीने किंवा टोळीने चोरदरवाजा बसवला होता. त्याचा मुख्य भाग चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, बिघडलेल्या वाटणाऱ्या फाइलींत दडवला होता. तो बाहेर काढणारी बिल्ड-स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती.

या चोरदरवाजाला दाबलेल्या फाइलींशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं लक्ष्य होतं एसएसएचडी : दूरवरून सर्व्हरवर लॉगिन करू देणारा, रूटच्या अधिकारात चालणारा, इंटरनेटकडे तोंड करून बसलेला प्रोग्रॅम. प्रोसेसरचा प्रकार पाहून फंक्शनची योग्य आवृत्ती निवडण्यासाठी लोडरमध्ये एक सोय असते. तिचा गैरवापर करून हा कोड लोडिंगच्या वेळीच जागा व्हायचा आणि आरएसए सही तपासणाऱ्या फंक्शनचा ताबा घ्यायचा. ज्याच्याकडे विशिष्ट खासगी किल्ली असेल, त्याला लॉगिन न करताच सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता आली असती. पोस्टग्रेसच्या विकासात काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अस्थिर आवृत्तीत एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी तो धागा सोडला नाही आणि २९ मार्चला प्रकरण उघडकीस आलं.

या हकिगतीतला चिकाटीचा भाग सगळ्यांनी सांगून झाला आहे. मला त्यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. फाइली दाबणारी लायब्ररी एसएसएचडीच्या प्रोसेसमध्ये आली कशी? ओपनएसएसएच प्रकल्पाच्या मूळ कोडमध्ये लिबएलझेडएमए कुठेही नाही. डेबियन आणि फेडोरा यांसारख्या वितरणांनी मात्र आपल्या पॅकेजमध्ये एक छोटा पॅच लावला होता, एसएसएचडी तयार झाल्याचा निरोप सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीला मिळावा म्हणून. निरोप पाठवणारं फंक्शन लिबसिस्टिमडीत आहे. त्याच लिबसिस्टिमडीत जर्नल वाचणारा कोडही आहे, जर्नलच्या नोंदी दाबलेल्या असू शकतात, म्हणून तिला तेव्हा लिबएलझेडएमए लागत होती. शिवाय लिबझेडएसटीडी आणि लिबएलझेडफोर याही लागत होत्या.

तो निरोप किती मोठा आहे? ‘रेडी’, बरोबरची खूण आणि १ हा आकडा : रोमन लिपीत मोजून सात बाइट. एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेल्या युनिक्स सॉकेटवर ते लिहायचे, झालं. सॉकेट उघडणं, पत्ता भरणं, चुका तपासणं हे सगळं धरूनही सी भाषेत काही डझन ओळींचं काम. त्यासाठी आख्खी लायब्ररी जोडली गेली आणि तिच्यामागून तिचा सगळा गोतावळा आला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा प्रकार.

हे आजही स्वतः पाहता येतं. डेबियन १२ असलेल्या मशीनवर ‘रीडएल्फ’ने एसएसएचडीच्या ‘नीडेड’ नोंदी काढा. त्यात लिबसिस्टिमडी दिसते, लिबएलझेडएमए दिसत नाही. मग त्याच फाइलवर ‘एलडीडी’ चालवा. आता साखळीतल्या सगळ्या लायब्रऱ्या ओळीने येतात आणि त्यांत लिबएलझेडएमए हजर असते. डेबियन १२ मधली तिची आवृत्ती ५.४ मालिकेतली, म्हणजे निर्दोष आहे. पण दोन कमांडच्या उत्तरांतलं हे अंतर नीट पाहण्यासारखं आहे. जोडणाऱ्याने पहिली यादी पाहिली, हल्लेखोराने दुसरी पाहिली.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. ‘एवढी चिकाटी असलेल्या हल्लेखोराला ही वाट बंद असती तर दुसरी सापडली असती. एक्सझेड तर पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीतही आहे. मग एक लायब्ररी कमी करून काय साधलं असतं?’ आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. डीपीकेजीला लिबएलझेडएमए लागते हे खरं, कारण डेबियनची पॅकेजं त्या पद्धतीने दाबलेली असतात. ती गरज आहे. पण डीपीकेजी इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाशी बोलत बसत नाही. प्रशासकाने चालवलं तरच ते चालतं. एसएसएचडी चोवीस तास, लॉगिन होण्याआधीच, कुणाशीही बोलतं. एकच लायब्ररी एका ठिकाणी गरज होती आणि दुसऱ्या ठिकाणी फुकटची जोखीम. हल्लेखोराने ती जोखीमच हेरली.

दुसरी वाट सापडली असती की नाही, याचा तर्क करत बसायचीही गरज नाही, कारण आपल्यासमोर खरंखुरं उदाहरण आहे. आर्च लिनक्सने एक्सझेडच्या त्याच सदोष आवृत्त्या आपल्या वापरकर्त्यांना दिल्या होत्या. पण आर्चने ओपनएसएसएचला तो पॅच लावलेला नव्हता. तिथल्या एसएसएचडीच्या साखळीत लिबएलझेडएमए नव्हती, म्हणून हा हल्ला त्या वाटेने तिथे चालूच शकत नव्हता. लायब्ररी तीच, आवृत्ती तीच, महिनाही तोच. फरक एका अनावश्यक जोडणीचा होता. ‘फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी आर्चचं उत्तर द्यावं.

आणि नंतरच्या दुरुस्त्या कुठल्या दिशेने गेल्या तेही पाहावं. डेबियनने थोड्याच दिवसांत एसएसएचडीमधून लिबसिस्टिमडी काढली. १ जुलै २०२४ ला आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये सिस्टिमडीला निरोप देण्याची सोय मूळ प्रकल्पानेच लिहिली, कुठलीही लायब्ररी न जोडता. सिस्टिमडीच्या मार्गदर्शक पानावर आता हा निरोप लायब्ररीशिवाय कसा पाठवायचा याचा नमुना कोड आहे. सिस्टिमडी २५६ पासून दाबण्याच्या लायब्रऱ्या सुरुवातीलाच न आणता गरज पडेल तेव्हाच आणल्या जातात. तो बदल तर चोरदरवाजा सापडण्याच्या आधीपासूनच कोडमध्ये घेतलेला होता. म्हणजे ज्यांना या साखळ्या आतून माहीत आहेत, त्यांनी त्या छोट्या केल्या. मग आपण त्या लांब ठेवण्याचा आग्रह कशासाठी धरायचा?

ओपनएसएसएच ९.८ आली त्याच दिवशी, १ जुलैलाच, ओपनएसएसएचमधली आणखी एक गंभीर चूक जाहीर झाली आणि ती एसएसएचडीच्या स्वतःच्या कोडमध्ये होती. लायब्रऱ्या कमी केल्या की सगळे धोके टळतात असा माझा दावा नाही, हे सांगण्यासाठी तिचा उल्लेख केला. आवश्यक कोडमध्ये चुका निघणारच. अनावश्यक कोडमधल्या चुकांचा भार त्यावर चढवू नये, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. ‘वितरणाचे मेंटेनर जाणकार असतात. कुठल्या पॅकेजबरोबर काय यायला हवं ते त्यांनी ठरवलेलं असतं. वापरकर्त्याने त्यात हात घालू नये.’ मेंटेनरांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या बिनपगारी कष्टांवर आपले सर्व्हर उभे आहेत. पण एसएसएचडीचा तो पॅच जाणकारांनीच, चांगल्या हेतूने लावला होता. मेंटेनर असंख्य वापरकर्त्यांचा सरासरी विचार करतो आणि तुमचा सर्व्हर कधीच सरासरी नसतो.

डेबियनमधल्या ‘रेकमेंड्स’ या नात्याने हे चांगलं कळतं. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्याच्याविना पॅकेज चालणारच नाही ते. ‘रेकमेंड्स’ म्हणजे बहुतेक ठिकाणी सोबत असेल, पण नसलं तरी चालेल ते. २००९ साली आलेल्या डेबियन ५ पासून एपीटी ही शिफारस केलेली पॅकेजं न विचारता बसवतं. आता सर्व्हरवर सॉफ्टवेअर रेड चालवण्यासाठी ‘एमडीएडीएम’ बसवून बघा. डिस्क बिघडली तर ते ईमेल पाठवू शकतं, म्हणून ते मेल-सर्व्हरची शिफारस करतं. मेल-सर्व्हर आधी नसेल तर डेबियनमध्ये एक्झिम येऊन बसतो. डेबियनच्या रिवाजाप्रमाणे बसवलेली सेवा लगेच सुरूही होते. डिस्कची जोडणी करायला आलेल्या प्रशासकाच्या मशीनवर आता एक मेल-सर्व्हर चालू आहे आणि त्याने तो मागितलेला नव्हता.

‘तो फक्त मशीनच्या आतल्या पत्त्यावरच ऐकतो, बाहेरून कुणी पोचू शकत नाही,’ असं यावर सांगितलं जातं. खरं आहे. पण जून २०१९ मध्ये एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांमधली चूक जाहीर झाली आणि डेबियन ९ मधली आवृत्ती त्यांतच येत होती. मशीनवर साधं खातं असलेल्या कुणालाही, नेहमीच्याच सेटिंगमध्ये, एक्झिमला पत्र पाठवून रूट म्हणून कमांड चालवता येत होती. अनेकांची खाती असलेल्या कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या सर्व्हरवर याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. ज्यांनी एक्झिम समजून-उमजून बसवला होता, त्यांनी बातमी येताच तो अद्ययावत केला असेल. आपल्याकडे एक्झिम आहे हेच ज्यांना माहीत नव्हतं, त्यांना ती बातमी आपली वाटलीच नसणार. न मागितलेल्या पॅकेजचा खरा धोका हा असतो : ते कुणाच्याच जबाबदारीत येत नाही.

आणि ते आपण होऊन जातही नाही. ‘ऑटोरिमूव्ह’ चालवलं तरी, बसवलेल्या एखाद्या पॅकेजने शिफारस किंवा नुसतं सुचवलेलं असलं, तर एपीटी ते ठेवून देतं. आत यायला एक वाक्य पुरतं. बाहेर काढायला कुणीतरी मुद्दाम बसावं लागतं.

याची दुसरी बाजूही आहे. शिफारशी सरसकट बंद करून ‘गिट’ बसवलं, तर ‘सीए-सर्टिफिकेट्स’ हे पॅकेज येत नाही. मग एचटीटीपीएसवरून क्लोन करताना प्रमाणपत्र तपासता येत नाही, असा दोष येतो. अशा वेळी काही जण वैतागून प्रमाणपत्राची तपासणीच बंद करतात, आणि हे तर आगीतून फुफाट्यात पडणं झालं. तेव्हा डोळे मिटून सगळं घेणं चूक, तसं डोळे मिटून सगळं कापणंही चूक. यादी वाचायची आणि ठरवायचं. शिफारशी आपोआप बसवणं बंद असेल, तर एपीटी पॅकेजं बसवण्याआधी त्यांची नावं वेगळी दाखवतं. ती वाचायला अर्धं मिनिट लागतं.

तिसरा आक्षेप प्रोग्रॅमरांचा आणि तो सर्वांत वजनदार. ‘लायब्ररी टाळायची म्हणजे तेच काम स्वतः लिहायचं. हजारो लोकांनी तपासलेला कोड सोडून आपला कच्चा कोड वापरायचा. त्यात जास्त चुका होतील.’ क्रिप्टोग्राफीच्या बाबतीत हे शंभर टक्के बरोबर आहे. टीएलएस, सह्या, पासवर्डचं हॅशिंग, झालंच तर व्हिडिओचे कोडेक किंवा फॉन्टची मांडणी, यांत कुणी स्वतःचं शहाणपण चालवू नये. माझा आग्रह लायब्ररीच्या विरुद्ध नाही. काम आणि त्यासाठी आणलेला कोड यांचं प्रमाण पाहा, एवढंच म्हणतो. सात बाइट सॉकेटवर लिहिण्यासाठी आणलेली लायब्ररी आणि टीएलएससाठी आणलेली लायब्ररी यांना एकाच तराजूत घालणं हा युक्तिवाद नाही, आळस आहे.

शिवाय कित्येक जोडण्या काहीच काम न करणाऱ्या असतात. बिल्ड करताना ‘पीकेजी-कॉन्फिग’ने दिलेली लांब यादी जशीच्या तशी लिंकरला दिली जाते आणि प्रोग्रॅम ज्यातलं एकही फंक्शन वापरत नाही, अशी लायब्ररीही ‘नीडेड’मध्ये जाऊन बसते. लिंकरचा ‘ॲज-नीडेड’ हा पर्याय नेमका यासाठी आहे : वापर असेल तरच नोंद करा. उबुंटूने २०११ मध्येच तो आपल्या कंपायलरमध्ये कायमचा चालू केला. डेबियनचं ‘डीपीकेजी-शलिबडेप्स’ पॅकेज बांधताना अशा निरुपयोगी जोडण्यांबद्दल स्पष्ट इशारा छापतं. तो इशारा बिल्डच्या हजार ओळींत वाहून जातो आणि कुणी वाचत नाही. इथे स्वतः कोड लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. एक पर्याय लावायचा आणि एक इशारा वाचायचा, एवढंच काम आहे.

चौथा मुद्दा अलीकडचा. ‘आता सगळं कंटेनरमध्ये किंवा स्टॅटिक बायनरीत असतं; यजमान सिस्टिम स्वच्छ राहते, मग काळजी कसली?’ काळजी आहे, कारण लायब्ररी गेलेली नसते, नजरेआड झालेली असते. शेअर्ड लायब्ररीच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे : मार्च २०२४ च्या त्या रात्री डेबियनच्या प्रशासकाला एका कमांडने आपल्याकडची एक्सझेडची आवृत्ती कळत होती आणि एका अपडेटने ती बदलता येत होती. स्टॅटिक बायनरीच्या पोटात किंवा जुन्या इमेजच्या थरात अडकलेल्या प्रतीला ही सोय नाही. चोरदरवाजा असलेल्या त्या काळातल्या डेबियनच्या इमेजेस २०२५ सालीही डॉकर हबवर सापडल्या. कंटेनर ही पसारा भरून ठेवण्याची जागा होऊ नये. त्याच्या आतही लागेल तेवढंच बसवलं पाहिजे.

पाचवा मुद्दा याद्यांचा. सॉफ्टवेअरमध्ये कायकाय आहे याची सविस्तर यादी ठेवावी, यासाठी अमेरिकेत २०२१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर जोर आला. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘एसबॉम’विषयी, म्हणजे अशाच यादीविषयी, तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. पाऊल स्वागतार्ह आहे. पण यादी झाली की काम झालं, असा समज पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत पसरण्याची भीती मला वाटते. चारशे ओळींची यादी कुणी वाचत नाही. ती ऑडिटसाठी तयार होते आणि फाइलबंद होते. यादीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा प्रत्येक ओळीपुढे ‘हे इथे कशासाठी?’ याचं उत्तर असतं आणि उत्तर नसलेली ओळ खोडली जाते.

तर करायचं काय? सर्व्हरवर शिफारशी आपोआप बसवणं एपीटीच्या सेटिंगमध्ये बंद करा आणि हवं ते नाव घेऊन मागा. आधीपासून चालू असलेल्या मशीनवर ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ चालवून कुठली पॅकेजं मुद्दाम बसवलेली म्हणून नोंदली आहेत ते पाहा. उरलेल्यांपैकी शंका येईल त्या प्रत्येकाला ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ने विचारा, की तू कुणामुळे इथे आहेस. एकाच सॉफ्टवेअरची हलकी आणि जड अशी दोन पॅकेजं असतील, तर हलकं घ्या. डेबियनने सर्व्हरसाठी ग्राफिकल लायब्रऱ्यांविना बांधलेलं ‘ईमॅक्स-नॉक्स’ वेगळं ठेवलं आहे, ते यासाठीच. जेंटूसारख्या वितरणात तर ‘यूज फ्लॅग’ लावून कुठली जोडणी हवी आणि कुठली नको, हे बांधतानाच ठरवता येतं. आणि इंटरनेटशी बोलणारा किंवा रूट म्हणून चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम ‘एलडीडी’ने तपासा. फाइल अनोळखी ठिकाणाहून आलेली असेल तर मात्र ‘एलडीडी’ वापरू नका, कारण ते त्या फाइलमधला कोड चालवू शकतं. तिथे ‘ऑब्जडम्प’ने ‘नीडेड’ नोंदी वाचा.

मेंटेनरांकडे आणि प्रोग्रॅमरांकडे माझी मागणी याहून कडक आहे. नेटवर्कवर ऐकणाऱ्या किंवा रूटच्या अधिकारात चालणाऱ्या प्रोग्रॅमला नवी लायब्ररी जोडताना चेंजलॉगमध्ये कारण लिहा : कुठलं फंक्शन हवं आहे, त्याच्यामागून आणखी काय येणार आहे आणि तेवढ्याच कामाचा छोटा मार्ग का चालला नाही. आजवर लायब्ररी काढा म्हणणाऱ्याला पुरावे मागितले गेले. यापुढे ते जोडणाऱ्याने द्यावेत.